मानव्यविद्या आणि सार्वजनिक विद्यापीठ : व्हँसेन ते रोहा



धाटाव औद्योगिक वसाहतीतील पाळी संपवून किंवा पेणच्या गणपती कारखान्यातील रंगकाम आटोपून आपण ही पुस्तिका उघडली असेल, तर ‘मराठी घेऊन बी.ए. करून काय मिळणार?’ हा प्रश्न आपण ऐकलेलाच असेल. त्याच्या मुळाशी एक धोरणविषयक प्रश्न आहे : साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान यांच्या अध्ययनाचा खर्च समाजाने का उचलावा आणि कोणासाठी?

१९६८ च्या विद्यार्थी आंदोलनानंतर फ्रान्स सरकारने पॅरिसलगतच्या व्हँसेन येथे प्रायोगिक विद्यापीठ केंद्र काढले. मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रे हा त्याचा गाभा होता. तत्त्वज्ञान विभागाची उभारणी मिशेल फूको यांनी केली. शालान्त परीक्षा उत्तीर्ण न झालेल्यांना आणि नोकरदारांनाही तेथे प्रवेश मिळे. वर्ग रात्रीही भरत. १९८० मध्ये ते सँ-द्नी या उपनगरात हलवण्यात आले. आज ते पॅरिस-८ विद्यापीठ म्हणून ओळखले जाते.

आपल्याकडे हा प्रश्न ज्यांच्या हाती आला, ते चिंतामणराव देशमुख रोह्याचे. १९५२ मध्ये ते कुलाबा मतदारसंघातून, म्हणजे आजच्या रायगडातून, लोकसभेवर निवडून गेले. मुंबई महाराष्ट्राला नाकारल्याच्या निषेधार्थ त्यांनी १९५६ मध्ये अर्थमंत्रिपद सोडले आणि त्याच वर्षी ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून सर्वांना ठाऊक असलेल्या या गृहस्थांनी ‘मेघदूता’चा मराठी अनुवादही केला होता. रोह्यात मात्र त्यांचे नाव दिले गेले ते वाणिज्य महाविद्यालयाला!

१९६२ मध्ये ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्याच वर्षी तेथे पत्रद्वारा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. त्याचे श्रेय एकट्या देशमुखांचे नव्हे, डॉ. दौ. सिं. कोठारी यांच्या समितीची शिफारस त्यामागे होती. परंतु टपालाने धाडलेल्या पाठांवर पदवी मिळू शकते, हे या प्रयोगाने दाखवून दिले. पुढे १९८९ मध्ये नाशिकला मुक्त विद्यापीठ स्थापन झाले.

व्हँसेनने प्रवेशाची अट सैल केली, पण विद्यार्थ्याला वर्गापर्यंत जावेच लागे. पत्रद्वारा शिक्षणाने ती अटही काढली. त्याबरोबर वर्गातील वादविवादही गेला. मानव्यविद्येत हे नुकसान लहान नाही.

स्वयं-अध्ययन : हे नुकसान आपल्या तालुक्यात कसे भरून काढता येईल? वाचनालय, संपर्कसत्र व सहाध्यायी यांचा विचार करून दहा ओळी लिहा.