जुलाबात मीठ-साखर एकत्रच का द्यायची?

आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचे पातळ, दुपदरी आवरण असते. मीठ-साखर त्यातून सहज आत जात नाही. त्यासाठी आवरणात प्रथिनांची दारे असतात. लहान आतड्यातील पेशींच्या एका दारातून मिठातील सोडियम आणि साखरेतील ग्लुकोज जोडीनेच आत शिरतात. त्यांच्यामागे पाणी शोषले जाते. जुलाबातही हे दार बहुधा चालू राहते. म्हणूनच ओआरएस जीव वाचवते. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलराच्या रुग्णांना हेच पाणी पाजले आणि मृत्यू खूप कमी झाले.

वस्तीत आम्ही पाहतो, मोठी पुडी थोडी थोडी पेल्यात कालवतात. तसे करू नका, प्रमाण चुकते. पुडीवर लिहिलेल्या मापाच्या, उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण पुडी एकदम घाला. पुडी नसेल तर १ लिटर पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. साखर जास्त झाली तर जुलाब वाढतात, मीठ जास्त झाले तर बाळाला धोका. घोट घोट पाजा, अंगावरचे दूध चालू ठेवा.

बाळ सुस्त झाले, डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा शौचातून रक्त पडले, तर लगेच दवाखाना गाठा. वाटेतही पाजत राहा.