धंदा नफ्यासाठी की समाजासाठी?

प्रश्न : घरचा आंबेमोहोर तांदूळ पॅकबंद करून पुण्यात विकायचा विचार आहे. वडील म्हणतात, धंद्याने नफा बघावा, समाजाचं काम संस्था करतील. आपलं मत काय? – एक वाचक, पौड (ता. मुळशी)

उत्तर : वडिलांचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. नफ्याशिवाय धंदा टिकत नाही. भात, भरडाई, पिशव्या, वाहतूक हे सगळं वजा करा. घरच्यांची मजुरीही धरा, ती बहुतेक जण विसरतात.

पण हिशेबाच्या वहीत न दिसणारी किंमत कुणीतरी मोजत असतंच. मुळशीकरांना हे वेगळं सांगायला नको. १९२१ मध्ये टाटांच्या वीज कंपनीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांसह इथले शेतकरी सत्याग्रहाला उभे राहिले. तरी धरण झालं. मुंबईला वीज मिळाली, इथली भातखाचरं पाण्याखाली गेली. त्या विजेवर उद्योग चालले, हे खरं. पण जमीन गेली त्यांना त्या फायद्यात वाटा मिळाला नाही. माझ्या मते तो व्यवहार तिथेच चुकला.

आज २०१३ चा कंपनी कायदा ठरावीक मर्यादेवरच्या मोठ्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायला सांगतो. तुम्हाला तो लागू नाही. तुमची जबाबदारी रोजच्या व्यवहारातच आहे : शेजाऱ्याकडून भात घेतलात तर त्याचे पैसे वेळेवर, पाखडणाऱ्या बायांना पूर्ण मजुरी, आंबेमोहोराच्या पिशवीत फक्त आंबेमोहोर. आणि विक्रीआधी अन्नसुरक्षा कायद्याखालची नोंदणी नक्की करून घ्या.