बोट लागते म्हणून उपाशी राहू नका

सुट्ट्या जवळ आल्या की तपासून झाल्यावर उठता उठता एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, क्रूझचं बुकिंग केलंय. बोट लागू नये म्हणून काही गोळी लिहून द्या ना." आणि लगेच पुढचं वाक्य, "तसं आम्ही आदल्या रात्रीपासून काही खाणारच नाही. पोटात काही नसलं तर उलटी कशाची होणार?"

हे दुसरं वाक्य ऐकलं की मी त्यांना परत खुर्चीत बसवतो.

समुद्र आपल्या शहरापासून लांब आहे. तरी २०२१च्या सप्टेंबरपासून कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं जहाज मुंबईहून गोवा, लक्षद्वीपकडे जायला लागलं आणि समुद्रावरची सुट्टी आपल्याकडच्या कितीतरी घरांच्या बेतात आली. ५ जून २०२५ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला, त्यामुळे पहाटे घरून गाडी काढली की दुपारी मुंबईचा धक्का गाठता येतो. जहाजावर पोहण्याचा तलाव, जादूचे प्रयोग, गाणी-नाच, मुलांसाठी खेळ, दिवसभर जेवणाखाण्याची रेलचेल. गुडघे दुखणाऱ्या आजीलाही लिफ्टने सगळीकडे फिरता येतं. आजी-आजोबा आणि नातवंडं एकत्र जाऊ शकतील अशा सहली फार नसतात. तेव्हा जरूर जा. फक्त उपाशीपोटी जाऊ नका.

बोट लागण्याची सुरुवात पोटात होत नाही. आपल्या कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारी यंत्रणा असते. जहाज डुललं की ती मेंदूला कळवते, 'आपण हलतोय'. त्याच वेळी तुम्ही खिडकी नसलेल्या नाट्यगृहात बसलेले असाल तर डोळे सांगतात, 'आपण तर स्थिर आहोत'. या दोन उलटसुलट निरोपांनी मेंदू गोंधळतो आणि मळमळ सुरू होते. पोट रिकामं ठेवून हा गोंधळ मिटत नाही. उलट रिकाम्या पोटात आम्ल तेवढं राहतं, मळमळ वाढते आणि कोरडे उमासे येऊन छाती-पोट दुखून निघतं. शेवटी हिरवं-पिवळं कडू पाणी पडलं की घरातली मंडळी म्हणतात, 'पित्त पडलं, बरं झालं'. बरं काही झालेलं नसतं. अंगातलं पाणी आणि क्षार मात्र कमी झालेले असतात.

चार्ल्स डार्विन १८३१ ते १८३६ बीगल जहाजावरून जगभर फिरला आणि त्याला बोट फार लागायची. वडिलांना पाठवलेल्या पत्रात त्याने लिहिलं होतं की, पोटाला सोसतात त्या फक्त मनुका. त्याच्या अनुभवात तथ्य होतं. निघताना थोडे पोहे, इडली, एखादी भाकरी किंवा मऊ भात खा. नंतर दर दोन-तीन तासांनी कोरडं, हलकं काहीतरी तोंडात टाका. तळलेलं, तिखट आणि भरपेट मात्र नको. बुफेचे पैसे भरलेत म्हणून पहिल्याच दुपारी ताट शिगोशिग भरू नका. समुद्राची सवय झाल्यावर खायला पुढचा पूर्ण दिवस असतो.

आता ज्या घटनेमुळे हा लेख लिहायला घेतला ती सांगतो. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. आपल्या शहरातल्या गारखेडा भागातले साठीच्या आसपासचे एक गृहस्थ, मधुमेहाचे जुने पेशंट, शिस्तीचे. मुलाने सगळ्या घराचं क्रूझचं बुकिंग केलं. कुणीतरी मोबाइलवर रील दाखवलं : चोवीस तास पोट रिकामं ठेवा, जिभेखाली मीठ धरा, बोट लागणारच नाही. काकांनी रात्री जेवण टाळलं. सकाळी नाश्ताही टाळला. पण शुगरची गोळी शिस्तीप्रमाणे वेळेवर घेतली. पाच-सहा तासांचा प्रवास, मग टर्मिनलवर सामान देणं, कागदपत्रं, तपासणीची रांग. जहाजावर चढून नातवंडं तलावाकडे पळाली आणि काका खुर्चीत बसले ते घामाने डबडबूनच. हात थरथरायला लागले, जीव घाबरा झाला, मळमळायला लागलं. सुनेने काही विचारलं तर उत्तर भलतंच. सगळे म्हणाले, "बोट लागली". त्यांना उलटीची गोळी देऊन केबिनमध्ये झोपवलं.

काकू तेवढ्या सावध होत्या. त्यांनी विचारलं, "अरे, बोट अजून धक्क्यालाच बांधलेली आहे. मग लागेल कशी?" आणि त्यांनी जहाजावरच्या डॉक्टरांना बोलावलं. शुगर निघाली ४८. वेळेत ग्लुकोज मिळालं म्हणून काका आज धडधाकट आहेत. झोपेतच राहिले असते तर काय झालं असतं, हे लिहायलाही माझा हात धजत नाही.

मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन तुम्ही जेवलात की नाही हे बघत नाहीत, त्या शुगर खाली आणतातच. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीचा परिणाम तर बराच वेळ टिकतो, म्हणून एकदा साखर खाऊन बरं वाटलं तरी नंतर शुगर पुन्हा उतरू शकते. मधुमेही माणसाला घाम, थरथर, मळमळ आणि बोलण्यात गोंधळ दिसला की आधी ग्लुकोमीटर काढा. ७०च्या खाली असेल, किंवा मीटर हाताशी नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजा, पंधरा मिनिटांनी पुन्हा शुगर बघा, मग पोटभर खायला द्या. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, श्वासनलिकेत जाईल. लगेच डॉक्टरांना बोलवा. आणि ग्लुकोमीटर, रोजची औषधं, साखरेची पुडी हे सगळं खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. टर्मिनलवर दिलेल्या मोठ्या बॅगा केबिनमध्ये पोचायला काही तास लागतात, हे पहिल्यांदा जाणाऱ्यांना ठाऊक नसतं.

गोळ्यांचं म्हणाल, तर इथेही घरोघरी घोळ असतो. मागच्या वेळी पोट बिघडलं तेव्हाचं उरलेलं ओंडॅनसेट्रॉन किंवा डॉमपेरिडॉन लोक पाकिटात टाकून नेतात. पोटाच्या आजारातल्या उलटीवर ही औषधं चालतात, बोट लागण्यावर त्यांचा फारसा उपयोग नाही. त्यासाठी मेंदूतल्या तोलाच्या केंद्रावर काम करणारी वेगळी औषधं असतात. त्यातलं आपल्याकडे घरोघरी माहीत असलेलं म्हणजे अ‍ॅव्होमिन. ते मळमळ सुरू झाल्यावर घेऊन फारसं काही होत नाही. जहाज सुटायच्या एक-दोन तास आधी घ्यावं लागतं. आणि ते कुणाला चालेल हे मेडिकल स्टोअरच्या काउंटरवर ठरत नाही. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या आजोबांची लघवी अडकू शकते, काचबिंदूच्या काही प्रकारांत डोळ्यातला दाब वाढू शकतो. त्यावर दारू घेतली तर गुंगी धोक्याच्या पातळीला जाते. दोन वर्षांखालच्या बाळाला ते देऊच नये, आणि तेवढ्या लहान बाळांना बोट सहसा लागतही नाही. त्यापुढच्या मुलांना, गर्भवतींना विचारल्याशिवाय नको. ज्या मुलाला गोळी दिली आहे त्याला त्या दिवशी तलावात सोडू नका. पेंगुळलेलं मूल पाण्यात ओरडतही नाही.

पोटावर वर्तमानपत्र बांधणं, बेंबीला हिंग लावणं, ब्लडप्रेशरच्या माणसाने मीठ चाटत बसणं, इंटरनेटवरून मागवलेला कुठलासा पॅच कानामागे चिकटवणं, हे सगळं कृपा करून बंद करा. ज्याला रुग्ण दिसत नाही, त्याची शुगर-बीपी माहीत नाही, त्याने तीस सेकंदांत सांगितलेल्या उपायावर तुम्ही आपल्या आईवडिलांचा जीव टांगणीला लावता याचा मला राग येतो. आल्याने थोडा आराम मिळतो. आल्याची वडी खायला हरकत नाही, पण मधुमेही माणसाने तिच्यातली साखरही मोजायची.

काळजीने घाबरून जायचं कारण नाही. डुलणं कमी व्हावं म्हणून मोठ्या क्रूझ जहाजांना पाण्याखाली पंख बसवलेले असतात. बुकिंग करतानाच मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची केबिन मागा. पुढच्या आणि मागच्या टोकाला हेलकावा जास्त. मळमळ जाणवली की उघड्या डेकवर या, दूर क्षितिजाकडे बघा, मोबाइल खिशात टाका. मुलं मोबाइलवर खेळत बसतात आणि मग पहिली उलटी त्यांनाच होते. जादूचा खेळ अर्धवट सोडावा लागला तर सोडा, संध्याकाळी दुसरा कार्यक्रम असतोच. बहुतेकांना एक-दोन दिवसांत समुद्राची सवय होते.

पण सगळ्याच उलट्या बोटीच्या नसतात. बोट लागल्याने ताप येत नाही, जुलाब होत नाहीत. हे दोन्ही सुरू झाले तर ते जंतूंचं काम आहे. नोरोव्हायरस हा तर जहाजांवरचा जुना शत्रू. बंदिस्त जागेत, बुफेच्या चमच्यांवरून, कठड्यांवरून भराभर पसरतो. हाताला लावायच्या सॅनिटायझरला तो नीट दाद देत नाही, म्हणून जेवणाआधी आणि शौचानंतर साबणाने वीस सेकंद हात धुवा. जुलाब-उलट्या लागल्या तर केबिनमध्ये थांबून जहाजाच्या दवाखान्यात कळवा. सहल बुडेल म्हणून लपवू नका, तुमच्यामुळे शेजारच्या केबिनमधलं मूल आजारी पडेल. ओआरएस घोटघोट घेत राहा. मूल सहा-आठ तास शू करत नसेल, रडताना डोळ्यांत पाणी येत नसेल, उलटीत रक्त दिसत असेल, डोकं असह्य दुखून मान ताठरली असेल, बोलणं अडखळत असेल, तर सकाळची वाट बघू नका.

आणि पन्नाशीपुढच्या माणसाला, विशेषतः मधुमेह असेल तर, मळमळीबरोबर घाम, धाप, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, छातीवर दडपण यातलं काहीही वाटलं तर ते 'पित्त' नाही आणि 'बोट'ही नाही. मधुमेहात हृदयविकाराचा झटका कधी कधी छातीत न दुखता येतो, बायकांमध्ये तर नुसती मळमळ आणि गळून जाणं एवढ्यावरच. ईसीजी काढायला सांगा. नॉर्मल निघाला तरी डॉक्टर सांगतील तेव्हाच पुन्हा डेकवर जा.

घरी आल्यावर पलंग डुलतोय, जमीन सरकतेय असं दोन-तीन दिवस वाटू शकतं. ते आपोआप जातं, त्यावर गोळ्या नकोत. महिनाभर टिकलं तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. पण त्याआधी परतीचा रस्ता आहे. जहाजावरून उतरायच्या सकाळी घेतलेल्या गोळीची गुंगी दिवसभर राहू शकते, रात्रीची झोप अपुरी झालेली असते आणि समृद्धीवरचा सरळसोट रस्ता डोळ्यांवर झापड आणतो. ज्याने गोळी घेतली आहे त्याच्या हाती स्टिअरिंग देऊ नका. घरात दुसरं कुणी गाडी चालवणारं नसेल तर ड्रायव्हर ठरवा, किंवा सीएसएमटीवरून रेल्वेने परत या.