हेक्टरी एक किलो स्फुरद

२०२३ सालच्या उन्हाळ्यात उत्तर आयर्लंडमधील नेय सरोवराचे पाणी हिरवा रंग कालवल्यासारखे दिसू लागले. सुमारे ३९० चौरस किलोमीटर पसरलेल्या या सरोवरातून त्या प्रदेशाला लागणाऱ्या पिण्याच्या पाण्याचा मोठा भाग येतो. पाण्यावर आलेली साय नीलहरित शेवाळाची होती. या शेवाळाच्या काही जाती विष निर्माण करतात. शेवाळ मरून कुजू लागले, की पाण्यातील प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात.

हे शेवाळ माजण्याला उष्ण हवा, शहरांचे सांडपाणी अशी अनेक कारणे होती. परंतु त्याला मिळालेल्या स्फुरदाचा, म्हणजे फॉस्फरसचा, मोठा वाटा भोवतालच्या कुरणांवरून आला होता. गवत जोमाने वाढावे म्हणून तेथे वर्षानुवर्षे रासायनिक खत आणि गोठ्यातील शेणमूत्राचा रबडा टाकला जातो.

येथे एक शंका येईल. स्फुरद तर मातीतील लोह, ॲल्युमिनियम व कॅल्शियम यांच्याशी संयोग पावून मातीतच अडकून राहते. नत्रासारखे ते सहज झिरपून जात नाही. मग ते सरोवरात गेले कसे? कुरण सहसा नांगरले जात नाही. त्यामुळे खतातील स्फुरद वरच्या काही सेंटिमीटर थरातच साचते आणि पावसाचे पाणी नेमके याच थरावरून वाहते. त्या पाण्यात थोडे स्फुरद विरघळते, तर थोडे मातीच्या कणांना चिकटून जाते.

हे 'थोडे' म्हणजे किती, ते आपण गणिताने पाहू. समजा, एक हेक्टर कुरणाला २० किलो स्फुरद दिले आणि त्यातील केवळ १ किलो वाहून गेले. वर्षभरात त्या हेक्टरवरून अर्धा मीटर उंचीइतके पाणी ओढ्याला मिळाले, तर ते ५,००० घनमीटर, म्हणजे ५० लक्ष लिटर होते. १ किलो म्हणजे १० लक्ष मिलिग्रॅम. म्हणून दर लिटरमध्ये ०.२ मिलिग्रॅम स्फुरद आले. सरोवरात लिटरमागे सुमारे ०.०३५ मिलिग्रॅमहून अधिक स्फुरद झाले, की ते पाणी अतिपोषित समजतात. आपला आकडा त्याच्या जवळजवळ सहापट आहे! शेतकऱ्याच्या हिशेबात नुकसान केवळ ५ टक्के. सरोवराच्या दृष्टीने मात्र तो महापूर.

इतक्या अल्प स्फुरदाने एवढा फरक पडतो का? १९७३ मध्ये कॅनडात डेव्हिड शिंडलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका लहान तळ्याचे पडद्याने दोन भाग केले. दोन्ही भागांत कार्बन व नत्र घातले. स्फुरद मात्र एकाच भागात. त्याच वर्षी स्फुरदाचा भाग हिरवागार झाला, दुसरा स्वच्छ राहिला.

खत आज थांबवले, तरी मातीत आणि तळाच्या गाळात साठलेले स्फुरद अनेक वर्षे पाण्यात येत राहते. म्हणून उपाय आधीच करावयाचा असतो. मातीची तपासणी करून गरजेपुरतेच खत द्यावे, पावसाच्या तोंडावर ते टाकू नये आणि ओढ्याकाठी खत न दिलेल्या गवताचा पट्टा राखावा.

आता एक उदाहरण तुम्ही सोडवा. वरील हेक्टरवरून येणाऱ्या पाण्यात लिटरमागे ०.०३५ मिलिग्रॅमच स्फुरद असावे, तर वर्षाला किती स्फुरद वाहून गेलेले चालेल? उत्तर १७५ ग्रॅम येईल. ते २० किलोंच्या शेकडा एकाहूनही कमी आहे.