बियाण्यासाठी राखलेला वाफा



आदिवासी पाड्यांवरील शाळा व वसतिगृहांच्या परसबागेसाठी आपल्या मंडळ्या आनंदाने मदत करतात. पण त्या बागेत बहुधा लागते काय? कोबी, टोमॅटो आणि पाकिटातले संकरित बियाणे. फोटो छान येतो. मुलाच्या मनात मात्र नकळत ठसते, की शिकण्याजोगी भाजी बाहेरून येते आणि आई रानातून आणते ती गरिबाची. म्हणून या पाठात आपण शिकवणाऱ्या बागेचा विचार करू.

उत्पत्ती २:१५ मध्ये मनुष्यावर बागेची दोन कामे सोपवली आहेत : मशागत आणि राखण. मशागतीला आपण पैसे देतो. राखण म्हटली की आपल्याला कुंपणच आठवते. पण वाण टिकवणे हीसुद्धा राखणच आहे.

अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांच्याकडे पाहा. महादेव कोळी समाजातील ही बहीण शाळेत गेलेली नाही. बायफ संस्थेच्या साह्याने तिने देशी वाणांची बियाणे बँक उभी केली. २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. शिकलेली माणसे तिच्या परसबागेत शिकायला जातात. वाल-घेवड्याचे कितीतरी प्रकार तिथे आहेत. आणि बियाणे नेणाऱ्याने पीक आल्यावर दुप्पट परत करायचे, हा तिथला नियम.

आपल्या बागेतही एक वाफा तोडायचा नाही, बियाण्यासाठी ठेवायचा. शेंग वेलीवरच वाळेल. मुलांना ते ओसाड वाटेल, पाहुण्यांनाही, वाटू द्यावे. वालाचे बी बहुतेक वेळा वाणाला धरून राहते. भोपळ्याचे तसे नाही. मधमाश्या एकाचा पराग दुसऱ्यावर नेतात, म्हणून बी धरायचे तर जवळपास एकाच वाणाचा भोपळा लावावा. संकरित पाकिटाच्या पिकाचे बी पुढच्या वर्षी पेरून पाहिले, की झाडे एकसारखी येत नाहीत. पुस्तकातल्या धड्यापेक्षा हे मुलांना लवकर कळते.

करटोलीसाठी मांडव करावा. तिचे नर वेल वेगळे, मादी वेल वेगळे. नर वेलाला फळ येत नाही म्हणून तो उपटला, तर मादी वेलही रिकामी राहते. सावलीच्या कोपऱ्यात शेवळे असावीत. ठाणे-पालघरकडे ही भाजी काकडाच्या फळांबरोबर शिजवतात, नाहीतर घसा खाजतो. नुसते झाड दाखवून हे कळणार नाही, त्यासाठी पाड्यावरची एखादी आजीच हवी. पाटीवरचे नावही तिच्या बोलीतले आधी लिहावे, प्रमाण मराठी खाली.

त्या आजीला पाहुणी म्हणून नारळ देऊन पाठवू नये. ती शिक्षिका आहे, तिला मानधन द्यावे. देणगीचा अंदाज मांडताना रोपांच्या खर्चाशेजारी तिचे मानधन, बी ठेवायची मडकी आणि मांडवाचे बांबू लिहावेत. करटोलीचे कंद पावसाच्या तोंडावर लावायचे असतात, तेव्हा मंडळीच्या सभेत हा विषय उन्हाळ्यातच घ्यावा.