प्रयोगशाळेत काम करावयाचे आहे?

बारावीचे निकाल लागले की आमच्या विभागाच्या दाराशी मुले आणि पालक यांची ये-जा सुरू होते. मुलांचा प्रश्न ठरलेला असतो : "सर, मायक्रोबायॉलॉजी घेऊ की बायोटेक्नॉलॉजी?" पालकांचाही ठरलेला : "पुढे नोकरी मिळेल ना?" खरे तर या दोहोंच्या आधी एक तिसरा प्रश्न विचारायला हवा, आणि तो सहसा कोणी विचारत नाही. या नोकरीत माणूस दिवसभर करतो तरी काय?

उत्तर देण्यापूर्वी एका बाटलीची गोष्ट सांगतो. गोष्ट जुनी आहे आणि तिची सुरुवात आपल्या मुंबईत होते.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे रोगी सापडू लागले. सरकारने वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाला कलकत्त्याहून मुंबईला बोलावून घेतले. ग्रँट मेडिकल कॉलेजात जागा मिळाली. तेथे हाफकिन यांनी मांसरसाच्या काढ्यात प्लेगचे जीवाणू वाढवायला घेतले. या जीवाणूंना वाढण्यासाठी हवा आणि द्रवाचा पृष्ठभाग हवा असतो. म्हणून त्यांनी काढ्यावर काय तरंगत ठेवले असेल? चक्क तूप! तुपाच्या थेंबांना धरून जीवाणू वाढत आणि गुहेच्या छतावरून चुन्याचे सुळके लोंबावेत तसे खाली लोंबू लागत. प्लेगच्या जीवाणूची ही वाढण्याची तऱ्हा खास त्याची आहे. त्यामुळे बाटलीत दुसराच एखादा जंतू शिरला असेल तर जाणत्या डोळ्याला शंका येई. वाढ पुरेशी झाली की ६५ अंश सेल्सियसला तासभर तापवून जीवाणू मारायचे, की झाली लस तयार. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग प्रयोगशाळा सुरू झाली, आणि तिलाच १९२५ मध्ये हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले.

आता बाटलीकडे येऊ. परळहून लस देशभर जात असे. ३० ऑक्टोबर १९०२ या दिवशी पंजाबातील मुलकोवाल या खेड्यात पाच बाटल्यांतून १०७ माणसांना लस टोचली गेली. त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. या १९ जणांना एकाच बाटलीतून लस मिळाली होती. बाटलीचा क्रमांक होता ५३-एन. उरलेल्या चार बाटल्यांतून ज्यांनी लस घेतली त्यांना काहीही झाले नाही.

दोष कोणाचा? ती बाटली परळला ४१ दिवस आधी भरली होती. लस निर्जंतुक राखण्यासाठी तिच्यात कार्बोलिक आम्ल घालण्याची जुनी पद्धत होती. हाफकिन यांनी ती सोडून उष्णतेवर भर दिला होता, आणि चौकशीत नेमके तेवढेच उचलून धरले गेले. हाफकिन यांचे पद गेले. परंतु चौकशीच्या कागदपत्रांत आणखी एक नोंद होती. खेड्यात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर धरून निर्जंतुक करण्याऐवजी कार्बोलिकच्या पाण्यात नुसता बुचकळला आणि त्यानेच बूच काढले. धनुर्वाताचे बीजाणू मातीत असतात आणि फार चिवट असतात. असे क्षणभर बुचकळल्याने ते मरत नाहीत. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून हा अन्याय वेशीवर टांगला. त्याच वर्षी हाफकिन दोषमुक्त झाले.

या गोष्टीत एका चिमट्याचा हलगर्जीपणा आहे, आणि तो तुमच्या लक्षात राहीलच. मला तिच्यातली दुसरी बाब अधिक मोलाची वाटते. बाटलीला क्रमांक होता. कोणाला कोणत्या बाटलीतून लस दिली, चिमटा पडला तेव्हा काय केले, हे नोंदलेले होते. त्या नोंदी नसत्या तर १०७ माणसांत १९ मृत्यू एवढेच हाती उरले असते, आणि लसच वाईट असे ठरून पुढे कित्येकांनी ती घेण्याचे नाकारले असते.

प्रयोगशाळेतील नोकरी म्हणजे बहुतांशी हेच काम आहे. चिमटा ज्योतीवर धरायचा आणि जे झाले ते लिहून ठेवायचे.

महाविद्यालयात हे कसे शिकवतात? पहिल्या वर्षी हात तयार होतो. वाढमाध्यम बनवायचे, ते ऑटोक्लेव्हमध्ये ठेवायचे. ऑटोक्लेव्ह म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या प्रेशर कुकरचा थोरला भाऊ. १५ पौंड दाबाला आतील वाफ १२१ अंशांवर जाते आणि १५ मिनिटांत चिवट बीजाणूही मरतात. मात्र आतली सगळी हवा आधी बाहेर पडली पाहिजे. ती राहिली तर काटा १५ पौंड दाखवतो आणि तापमान १२१ च्या खालीच घुटमळते. कुकरची शिटी लावण्याआधी आई वाफेचा फवारा सुटेपर्यंत थांबते, ते कारण हेच.

मग येते ग्रॅमची रंजनपद्धत. हान्स क्रिस्टियान ग्रॅम या डॅनिश वैद्याने ती १८८४ मध्ये प्रसिद्ध केली. काचपट्टीवर जीवाणूंचा पातळ थर घेऊन तो ज्योतीवर हलकेच तापवून पक्का करायचा. त्यावर जांभळा रंग, मग आयोडीन, मग अल्कोहोलने धुणे, शेवटी लाल रंग. काही जीवाणू जांभळे राहतात, काही लाल होतात. पुस्तकात ही कृती चार ओळींची आहे. प्रत्यक्षात सारे अल्कोहोलच्या त्या काही सेकंदांवर अवलंबून असते. जास्त धुतले तर जांभळे जीवाणूही लाल दिसू लागतात, कमी धुतले तर लालही जांभळे. म्हणून त्याच पट्टीच्या कडेला एक जांभळा राहणारा आणि एक लाल होणारा असे दोन ओळखीचे जीवाणू ठेवतात. ओळखीचे बरोबर रंगले तरच अनोळख्याचा रंग खरा मानायचा. याला नियंत्रण म्हणतात. या क्षेत्रातील एकच शब्द पाठ करायचा असेल तर हा करा.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मोजणी येते. एक मिलिलिटर दुधात जीवाणू किती? लाखो असतील तर ते एकेक करून मोजणार कसे? त्यासाठी टप्प्याटप्प्याने विरळ करत जायचे. १ मिलिलिटर दूध ९ मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात घातले की ते दसपट विरळ झाले. त्यातले १ मिलिलिटर पुन्हा ९ मिलिलिटर पाण्यात, की शंभरपट. असे चार वेळा केले की दहा हजारपट. त्यातले १ मिलिलिटर आगरच्या बशीत ओतून उबेत ठेवले की प्रत्येक जिवंत जीवाणूपासून एकेक ठिपका, म्हणजे वसाहत, तयार होते. ६२ ठिपके मोजले तर मूळ दुधात मिलिलिटरला ६२ गुणिले १०,०००, म्हणजे ६,२०,००० जीवाणू. साधारण ३० ते ३०० ठिपक्यांची बशी मोजण्याजोगी धरतात. त्याहून कमी असतील तर योगायोगाचा भाग मोठा होतो, जास्त असतील तर ठिपके एकमेकांत मिसळतात.

येथे माझीच एक फजिती सांगतो. मी विद्यार्थी असताना दहा हजारपट विरळ केलेल्या बशीत मला असेच ६२ ठिपके मिळाले. पुढची बशी लाखपट विरळ, म्हणजे तीत सहाच्या आसपास हवेत. तीत निघाले ४१! शेजारचा मित्र म्हणाला, "अरे, ६ लिही आणि सही घे." मी ६ लिहिले. आमच्या बाईंनी वही पाहिली, मग बश्या मागितल्या आणि शांतपणे स्वतः ४१ मोजले. मला वाटले, आता बोलणी बसणार. त्यांनी एवढेच विचारले, "पिपेट किती वापरलीस?" मी एकच वापरली होती. प्रत्येक टप्प्याला नवी घ्यायची असते. जुन्या पिपेटच्या आतल्या भिंतीला आधीच्या दाट द्रवातले जीवाणू चिकटून राहतात आणि पुढच्या नळीत उतरतात. माझी चूक त्या ४१ मध्ये स्वच्छ लिहिलेली होती. मी ६ लिहून ती पुसायला निघालो होतो.

या निमित्ताने एक तक्रार नोंदवतो. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी जर्नल 'फेअर' करण्याची पद्धत आहे. प्रयोग एका कागदावर, सुवाच्य अक्षरातले जर्नल घरी बसून, आणि आकडे पुष्कळदा मागच्या वर्षीच्या मुलाचे. औषध कारखान्यातील प्रयोगशाळेत असे केले तर नोकरी जाते. तेथे आकडा दिसताक्षणी शाईने लिहायचा असतो. चुकला तर त्यावर एकच रेघ मारायची, जुना आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. खाडाखोड नाही, पांढरी शाई नाही. शिक्षकांना माझी विनंती आहे, की डाग पडलेल्या कच्च्या वहीलाच गुण द्यावेत.

आता नोकऱ्यांविषयी. बारावी शास्त्र शाखेत जीवशास्त्र घेतले असेल तर बी.एस्सी. ला सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान किंवा जीवरसायनशास्त्र घेता येते. रुग्णालयांच्या प्रयोगशाळांसाठी वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका आणि पदवी वेगळी आहे. संशोधनाकडे जायचे असेल तर एम.एस्सी. आणि पुढे पीएच.डी. ची तयारी ठेवावी. नावांच्या चकाकीवर जाऊ नका. ज्या महाविद्यालयात प्रत्येक मुलाच्या हाती स्वतंत्र सूक्ष्मदर्शक आणि स्वतंत्र बश्या येतात ते निवडा. प्रवेश घेण्यापूर्वी त्यांची प्रयोगशाळा पाहू द्या म्हणावे. दाखवायला कोणी नाखूष असेल, तर तेच तुमचे उत्तर.

रुग्णालयात रोग्याच्या रक्तातून किंवा लघवीतून जीवाणू वेगळा करून त्याच्यावर कोणते प्रतिजैविक चालते ते पाहतात. बशीवर जीवाणू पसरून औषधाच्या कागदी चकत्या ठेवतात. औषध चालत असेल तर चकतीभोवती पुरेसे मोठे स्वच्छ वर्तुळ पडते, आणि त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजतात. डॉक्टर रोग्याला कोणते औषध देणार हे त्या व्यासावर ठरते. तंत्रज्ञाच्या हातावरचा जंतू बशीत शिरला तर औषध भलत्याच जंतूवर दिले जाईल, आणि खरा जंतू आत वाढत राहील.

औषध कारखान्यात काम निराळे आणि, स्पष्टच सांगतो, कंटाळवाणे असते. इंजेक्शनची निर्जंतुकता तपासताना नमुना पोषक द्रवात घालून १४ दिवस ठेवतात. रोज नळी उजेडात धरून पाहायची आणि लिहायचे : वाढ नाही. असे लिहिता लिहिता कधी एखाद्या दिवशी द्रव गढूळ दिसतो, आणि मग सबंध कारखान्याची धावपळ उडते. त्या दिवशी तुम्ही न पाहताच 'वाढ नाही' लिहिलेत तर ते इंजेक्शन कोणाच्या तरी शिरेत जाते. दुग्धशाळा, पाणीपुरवठा, खाद्यपदार्थांचे कारखाने येथेही याच जातीची कामे आहेत.

संशोधनाच्या जागा थोड्या आहेत, पण आपल्या दाराशी आहेत. पुण्यात १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र सुरू झाले. १९७८ पासून ते राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते. जानेवारी २०२० मध्ये भारतातील करोनाचा पहिला रोगी केरळात सापडला, तेव्हा त्याच्या नमुन्याची तपासणी याच संस्थेत झाली. देशभर उलथापालथ घडवणारा तो एक अहवाल लिहिताना तेथील माणसांनीही नियंत्रण-नळी आधी पाहिली असणार, यात मला शंका नाही.

हे काम आपल्याला रुचेल की नाही, हे शाळेतच पाहता येते. शिक्षकांच्या देखरेखीखाली पुढील प्रयोग करा. तीन स्वच्छ परीक्षानळ्या उकळत्या पाण्यात ठेवून घ्या. पहिलीत ताजे कच्चे दूध १० मिलिलिटर, दुसरीत चार तास बाहेर राहिलेले कच्चे दूध, तिसरीत नुकतेच उकळून निवविलेले दूध. प्रत्येकीत मिथिलीन ब्लूचे सुमारे ०.००५ टक्क्यांचे द्रावण १ मिलिलिटर घाला, बूच लावा, नळी एकदा हलकेच उलटी-सुलटी करा आणि ३७ अंशांच्या आसपास कोमट पाण्यात ठेवा. दुधातील जीवाणू प्राणवायू संपवू लागले की निळा रंग जातो. जीवाणू जितके जास्त तितका तो लवकर जातो. पाच तास रंग टिकला तर कच्चे दूध उत्तम, अर्ध्या तासातच गेला तर अगदी वाईट समजतात. प्रयोगातील दूध कोणी पिऊ नये, आणि शेवटी नळ्या उकळून धुवाव्यात.

प्रयोग दोन गटांनी वेगवेगळ्या खोल्यांत करावा. प्रत्येक गटाने दर अर्ध्या तासाला जे दिसेल ते वेळेसह शाईने लिहावे आणि सर्व नोंदी होईपर्यंत दुसऱ्या गटाशी बोलू नये. मग दोन्ही वह्या शेजारी ठेवून पाहा. वेळा जुळल्या नाहीत तर कोणाचा आकडा दुरुस्त करायचा यावर भांडू नका. नळ्या कशा धुतल्या, पाणी किती कोमट होते, पिपेट किती वापरल्या, ते एकमेकांना विचारा. आणि रंग गेलेल्या नळीत दुधाच्या अगदी वरच्या थरात एक निळे कडे राहिलेले दिसेल. ते का राहिले असेल?