लुंबिनीचा कठडा



लुंबिनीचे छायाचित्र अनेकांच्या घरी असेल. ते नीट पाहा. बागेत सम्राट अशोकाचा दगडी स्तंभ उभा आहे आणि त्याच्याभोवती लोखंडी कठडा आहे. तो पाहून कोणाच्या काळजात चर्र झाले, तर नवल नाही. आपण कुंपणे फार सोसली. महाडच्या चवदार तळ्याला तर कुंपणाचीही गरज पडली नाही! नगरपालिकेने १९२४ साली ठराव करून ते खुले केले होते. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळ भरेपर्यंत आपल्या माणसांना तेथे पाणी नव्हते.

म्हणून कुंपण दिसले की विचारावे, हे कोणाला अडवते? लुंबिनीचा कठडा दगड जपतो. जात विचारून कोणाला परत पाठवीत नाही. आणि त्या दगडावर कोरले आहे काय? राज्याभिषेकानंतर वीस वर्षांनी राजा स्वतः येथे आला. शाक्यमुनी बुद्ध येथे जन्मले म्हणून त्याने गावाचा बली हा कर माफ केला आणि पिकातील राजाचा वाटा आठव्या हिश्शावर आणला. प्रजेला पूजेचा हुकूम नाही. शेतकऱ्याला सूट आहे. अक्षरे ब्राह्मी आहेत, छायाचित्रात ती वाचता येणार नाहीत. तेव्हा मुलांना तुम्हीच सांगा.